भावाची भाषा ओळखणारा अन्नमंत्री

नवी दिल्लीतील रफी मार्गाशी राजधानीतल्या मराठी माणसाचा संबंध बहुधा रोजचाच असतो. संसद भवन हाकेच्या अंतरावर, वृत्तपत्रांची कार्यालये याच रस्त्यावर, आणि अन्न व कृषी खात्यांचा कारभार अनेक दशके जेथून चालला ते कृषिभवनही येथेच. दक्षिण दिल्लीतील किडवाईनगर ही तर सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत म्हणूनच ओळखली जाते. रस्ता आणि वसाहत या दोहोंना ज्यांचे नाव आहे, त्या रफी अहमद किडवाई यांनी अवघ्या अडीच वर्षांच्या कारकिर्दीत धान्याच्या बाजाराविषयीची सरकारची समजूत बदलून टाकली, हे मात्र आता फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

संयुक्त प्रांतातील बाराबंकी जिल्ह्यात, मसौली गावच्या जमीनदार घराण्यात १८ फेब्रुवारी १८९४ रोजी किडवाई यांचा जन्म झाला. अलीगढला पदवी घेतल्यानंतर ते कायद्याच्या अभ्यासाकडे वळले. पण खिलाफत आणि असहकार आंदोलनांची हाक आली आणि तो अभ्यास सुटला. तुरुंगवास भोगून आलेल्या या तरुणाला मोतीलाल नेहरू यांनी आपले सचिव म्हणून जवळ केले. १९२६ मध्ये ते मध्यवर्ती विधिमंडळात निवडून आले आणि स्वराज्य पक्षाचे प्रतोद झाले. कोणता सदस्य कोणत्या कारणाने कोठे झुकेल, याची अचूक जाण त्यांना तेथेच आली. भाषणबाजी हा त्यांचा प्रांत कधीच नव्हता. माणसे हेरणे आणि जोडणे ही त्यांची खरी विद्या.

शेतमालाच्या भावाचा धडा मात्र त्यांना सभागृहाबाहेर मिळाला. १९३० च्या सुमारास जागतिक मंदीने धान्याचे भाव कोसळले. कुळाच्या हाती येणारा पैसा आटला, खंड आणि सारा मात्र जुन्याच दराने द्यावा लागे. रायबरेली भागातील करबंदी चळवळीत किडवाई कुळांच्या बाजूने उभे राहिले. स्वतः जमीनदारकुळातील हा माणूस १९३७ मध्ये गोविंदवल्लभ पंत यांच्या मंत्रिमंडळात महसूलमंत्री झाला आणि कुळांना संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या मागे उभा राहिला. भाव घसरला की सर्वांत आधी शेतकरी मोडतो, हे त्यांना कोणत्याही ग्रंथातून शिकावे लागले नाही.

स्वातंत्र्यानंतर ते केंद्रात दळणवळणमंत्री झाले. रात्रीची हवाई टपाल सेवा त्यांच्याच काळात सुरू झाली. १९५१ मध्ये काँग्रेसमधील अंतर्गत संघर्षात त्यांनी मंत्रिपद आणि पक्ष दोन्ही सोडले. नेहरूंनी पक्षाची सूत्रे हाती घेतल्यावर ते परतले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर, १९५२ मध्ये, त्यांच्याकडे अन्न व कृषी खाते आले. त्या काळी हे खाते म्हणजे राजकीय कारकीर्द संपविणारे खाते समजले जाई.

तशी कारणेही होती. महायुद्धाच्या काळात सुरू झालेली शिधावाटप, सक्तीची धान्यवसुली आणि आंतरप्रांतीय वाहतूकबंदी ही व्यवस्था युद्ध संपल्यावरही कायम होती. गांधीजींच्या आग्रहाने १९४७ च्या अखेरीस ती शिथिल करण्यात आली. परंतु भाव भडकले आणि १९४८ मध्ये नियंत्रणे परत आणावी लागली. १९५१ मध्ये ४७ लाख टनांहून अधिक धान्य आयात करावे लागले, अमेरिकेकडून गव्हासाठी कर्ज घ्यावे लागले. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्यापुढे या आयातीचा बोजा होता. नियंत्रणे उठविणे घातक ठरेल, असा नियोजन मंडळाचाही कल होता. शहरातील कामगार आणि कारकून यांचे वेतन ठरलेले. धान्य महागले की महागाई भत्त्याची मागणी होणार आणि खर्चाचे सारे गणित कोलमडणार, ही भीती अनाठायी नव्हती.

किडवाई यांनी प्रश्न वेगळ्या ठिकाणी विचारला. धान्य कमी आहे, की दिसत नाही? वसुलीचा भाव बाजारभावाहून कमी असेल, तर शेतकरी पीक कमी सांगणार, व्यापारी साठा दडविणार, हे उघड होते. राज्य सरकारांचाही हिशेब तोच होता. तुटीचे राज्य आपली गरज फुगवून सांगे, विपुलतेचे राज्य आपले शिल्लक धान्य कमी दाखवी. जिल्ह्याजिल्ह्याच्या सीमा बंद असल्याने एकीकडे भाव पडलेले, तर शेजारी गगनाला भिडलेले. म्हणजे टंचाईचा एक भाग निसर्गाने, तर दुसरा टंचाईच्या बंदोबस्तासाठी उभारलेल्या यंत्रणेनेच निर्माण केला होता.

मद्रासमध्ये राजगोपालाचारी यांनी जून १९५२ मध्ये शिधावाटप उठविण्याचे ठरविले, तेव्हा किडवाई त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तेथे हाहाकार माजला नाही. मग एकेक राज्य, एकेक धान्य असे करीत आधी भरड धान्ये, पुढे गहू आणि १९५४ च्या मध्यास तांदूळ नियंत्रणमुक्त झाला. हे करताना त्यांनी सरकारचे हात रिकामे ठेवले नाहीत. १९५४ मध्ये ब्रह्मदेशाकडून ९ लाख टन तांदूळ खरेदीचा करार झाला. सरकारच्या कोठारात धान्य आहे आणि भाव चढताच ते बाजारात येईल, हे कळल्यावर साठेबाजाला माल दाबून ठेवणे परवडेना. १९४७ च्या प्रयोगात नेमका हाच आधार नव्हता.

या यशात पावसाचा वाटा मोठा होता, हे नाकारणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल. १९५१-५२ मध्ये सुमारे ५ कोटी २० लाख टन असलेले धान्योत्पादन १९५३-५४ मध्ये जवळजवळ ७ कोटी टनांवर गेले; आयात १९५४ मध्ये आठ लाख टनांच्या आसपास आली. मात्र अनुकूल पाऊस प्रत्येक अन्नमंत्र्याला केव्हा ना केव्हा लाभतो. त्या संधीत नियंत्रणांचा मोह सोडण्याचे धैर्य सर्वांना होत नाही.

या धोरणाची दुसरी बाजूही लवकरच दिसली. पुरवठा वाढला, भाव घसरू लागले आणि ग्राहकाऐवजी शेतकऱ्याला वाचविण्याची वेळ आली. सरकारला किमान भावाने खरेदीची तयारी जाहीर करावी लागली. १९५५ च्या उत्तरार्धात भाव पुन्हा चढू लागले, तेव्हा किडवाई हयात नव्हते. दम्याने जर्जर झालेले त्यांचे शरीर २४ ऑक्टोबर १९५४ रोजी दिल्लीत, एका सभेतील भाषणाच्या वेळीच कोसळले. आल्यागेल्याला सढळ हाताने देणाऱ्या या मंत्र्याने मागे संपत्ती ठेवली नाही. देणी मात्र होती.

पुढे १९६५ मध्ये अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग स्थापन झाले. राखीव साठा आणि आधारभाव या दोन खांबांवर नवी व्यवस्था उभी राहिली. पण भाव चढताच बाजाराचे दरवाजे बंद करण्याची जुनी सवय सुटली नाही. २०२२ मध्ये गव्हाची आणि डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात रोखली गेली. कांद्यावरील बंदी मे २०२४ मध्ये उठेपर्यंत नाशिकच्या शेतकऱ्याने ती किंमत आपल्या खिशातून मोजली. शहरी ग्राहकाला दिलासा देणे हे सरकारचे कर्तव्यच. प्रश्न तो कोणाच्या पदरच्या पैशाने द्यायचा, हा आहे.

किडवाई बाजाराचे भक्त नव्हते आणि नियंत्रणांचे शत्रूही नव्हते. भाव हा आजार नसून आजाराची खूण आहे, एवढेच त्यांनी ओळखले होते. भाव दाबला की मागणी कमी होत नाही, पुरवठा तेवढा दृष्टीआड होतो. सरकारने आधी आपली कोठारे भरावीत आणि मगच बाजारावर विश्वास टाकावा, हा त्यांच्या कारकिर्दीचा क्रम होता. तो क्रम उलटला की काय होते, याची नोंद १९४७ च्या कागदपत्रांत आहे. आणि कोठारे भरलेली असूनही विश्वास टाकला नाही तर काय होते, ते लासलगावच्या बाजारात कोणीही सांगेल.