सर चार्ल्स हेस्टिंग्ज

चार्ल्स हेस्टिंग्ज हे एका इंग्रज पाळकाचे पुत्र. जन्म १७९४ चा. एडिंबरोस एम.डी. होऊन ते वुस्टरच्या इस्पितळात काम करू लागले. त्या काळी लंडनबाहेरचे डॉक्टर एकाकी असत. एकाचा अनुभव दुसऱ्यास कळत नसे आणि रोगी भोंदूंच्या हाती सापडत. १८३२ साली, देशात पटकीची साथ चालू असता, हेस्टिंग्जनी पन्नासाहून अधिक डॉक्टर त्याच इस्पितळात जमवून संघ स्थापला. तोच पुढे ब्रिटिश मेडिकल असोसिएशन झाला. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १८५८ साली वैद्यक कायदा झाला व डॉक्टरांची नोंदवही सुरू झाली. शिकलेला डॉक्टर कोण, हे गरिबालाही कळण्याची सोय झाली. १८६६ साली हेस्टिंग्ज निवर्तले. बंधुभगिनींनो, एकट्याचे ज्ञान त्याच्याबरोबर जाते. वाटलेले पुढच्या पिढीस पुरते.