भरलेल्या पोकळीची भूमिती

तालुक्याच्या गावी शिकविणाऱ्या प्राध्यापकाला मोठे स्थान लाभले नसावे, म्हणूनच तो तेथे आला, असा समज सिन्नरपासून मुंबईपर्यंत रूढ आहे. कामाचे मोल आपण खुर्चीवरून करतो. मॅक्स डेन या जर्मन गणितज्ञाचे जीवन हा हिशेब पुन्हा तपासावयास लावते.

१८७८ साली हॅम्बुर्ग येथे जन्मलेले डेन हे गटिंगेनला हिल्बर्ट यांचे शिष्य. हिल्बर्ट यांनी १९०० मध्ये पॅरिसला मांडलेल्या प्रश्नांपैकी तिसरा त्यांनी जवळजवळ लगेच सोडविला. घनफळ समान असले तरी एका बहुफलकाचे तुकडे जोडून दुसरा नेहमीच बनविता येत नाही, हे त्यांनी सिद्ध केले.

१९१० मधील त्यांची कल्पना याहून दूरगामी ठरली. दोरीला गाठ मारून तिची टोके जोडावीत आणि अवकाशातून ती दोरी तिच्या जाडीसह काढून टाकावी. उरलेल्या पोकळीची सीमा मेदूवड्याच्या पृष्ठभागासारखी असते. ही पोकळी भरीव कड्याने पुन्हा भरावयाची, मात्र कडे पिळून बसवावयाचे. कोणता पीळ दिला, हे एका अपूर्णांकाने सांगता येते. आणि पीळ बदलला की सामान्यतः वेगळेच अवकाश हाती येते.

पहिल्या महायुद्धात डेन जर्मन सैन्यात होते. १९२१ पासून ते फ्रँकफुर्टला प्राध्यापक झाले. १९३५ मध्ये केवळ ज्यू वंशाचे म्हणून त्यांना पदावरून दूर करण्यात आले. नोव्हेंबर १९३८ च्या अत्याचारांत त्यांना अटक झाली. कोठडीत जागा उरली नव्हती, एवढ्याच कारणाने ते सुटले. पुढे त्यांनी नॉर्वेत आश्रय घेतला, तर १९४० मध्ये जर्मन फौजा तेथेही पोहोचल्या. वयाच्या बासष्टाव्या वर्षी सैबेरिया व जपानमार्गे त्यांनी अमेरिका गाठली.

तेथे त्यांच्या योग्यतेचे पद त्यांना मिळाले नाही. १९४५ मध्ये ते उत्तर कॅरोलिनातील ब्लॅक माउंटन या लहानशा, सदैव आर्थिक ओढगस्तीतील महाविद्यालयात स्थिरावले. तेथे ते गणिताबरोबर तत्त्वज्ञान आणि ग्रीकही शिकवीत. १९५२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच परिसरातील वनराईत त्यांचे दफन झाले.

त्यांच्या कल्पनेचे खरे सामर्थ्य त्यानंतर पाव शतकाने प्रकट झाले. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून कमी असणारी भूमिती अपास्तीय म्हणून ओळखली जाते. बहुतेक गाठी काढल्यावर उरणाऱ्या अवकाशात हीच भूमिती नांदते आणि पोकळीच्या बाजूस ते अवकाश अनंतापर्यंत निमुळते होत जाते. पोकळी भरली की हे टोक नाहीसे होते. विल्यम थर्स्टन यांनी १९७० नंतरच्या दशकात दाखविले की, मोजके अपवाद सोडता भरलेले अवकाशही अपास्तीयच राहते; त्याचे घनफळ मात्र मूळ अवकाशाहून नेहमी कमी भरते. एका पोकळीच्या बाबतीत असे अपवाद दहाहून अधिक नसतात, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने निश्चित केले.

ज्ञानाच्या व्यवहारात गुंतवणूक आणि फळ यांमध्ये कधी दोन पिढ्यांचे अंतर पडते. वार्षिक ताळेबंदात ते दिसत नाही. डेन यांची खुर्ची हिरावून घेणाऱ्यांची सत्ता दहा वर्षांत लयास गेली. आड गावातल्या वर्गात शेवटपर्यंत शिकविणाऱ्या त्या माणसाचे नाव मात्र जगभरच्या भूमितिज्ञांच्या नित्य व्यवहारात आजही आहे.