चाकणचे एकनिष्ठ किल्लेदार : फिरंगोजी नरसाळा

चाकणचे नाव निघाले म्हणजे आज कांद्याचा मोठा बाजार, मोटारींचे कारखाने आणि मालमोटारींची अखंड रांग डोळ्यांपुढे उभी राहते. आपल्या ज्ञातिबांधवांपैकी कितीतरी कुटुंबांचा चरितार्थ या चाकण-पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यावर चालतो. परंतु ज्या भूमीने आपणांस भाकर दिली, तिचा पूर्वेतिहास आपणांस ठाऊक असावा, या हेतूने यंदाच्या स्मरणिकेत आम्ही फिरंगोजी नरसाळा यांचे चरित्र सादर करीत आहोत. थोर पुरुष कोणा एका ज्ञातीची मिरास नसतात. त्यांचा वारसा गुण घेणाऱ्या प्रत्येकाचा असतो.

चाकणचा संग्रामदुर्ग हा भुईकोट. त्याला डोंगराचा आधार नाही, कड्याचे संरक्षण नाही. भोवतालचा खंदक, तटबुरूज आणि आत राहणाऱ्या माणसांचे धैर्य एवढेच त्याचे बळ. पुण्याहून जुन्नरकडे जाणारी वाट त्याच्या नजरेखाली असल्यामुळे बहामनी काळापासून या ठाण्याला महत्त्व होते. इ. स. १६४७ च्या सुमारास, दादोजी कोंडदेवांच्या निधनानंतर, शिवाजीमहाराजांनी जहागिरीचा कारभार स्वतःच्या हाती घेतला, तेव्हा फिरंगोजी येथील किल्लेदार होते. त्यांनी महाराजांचा पक्ष स्वीकारला. महाराजांनीही त्यांना अधिकारावर कायम ठेवून आसपासच्या गावांची व्यवस्था त्यांच्याकडे सोपविली. येथून त्यांच्या दीर्घ सेवेस प्रारंभ झाला.

त्या सेवेची कसोटी १६६० साली लागली. औरंगजेबाचा मामा शाएस्तेखान प्रचंड सैन्यानिशी मे महिन्यात पुण्यास आला व २१ जून रोजी चाकणपुढे येऊन त्याने वेढा घातला. किल्ल्यातील शिबंदी सुमारे तीन-साडेतीनशे होती असे सांगतात. बाहेरून मदत येण्याची आशा नव्हती, कारण महाराज स्वतः सिद्दी जौहरच्या वेढ्यात पन्हाळ्यावर अडकले होते. जुलैच्या मध्यास ते विशाळगडी पोहोचले, तरी चाकणला कुमक धाडण्याजोगी स्थिती नव्हती. अशा वेळी भुईकोटाच्या किल्लेदाराने शरण जाणे हे त्या काळच्या रीतीस सोडून झाले नसते. फिरंगोजींनी मात्र लढण्याचा निर्धार केला.

पावसाळ्याच्या त्या दिवसांत मोगलांनी चहूबाजूंनी मोर्चे बांधले, तोफा चढविल्या. तरी किल्ला हाती येईना. शेवटी त्यांनी ईशान्येकडील बुरुजाखाली भुयार खणून सुरुंग भरला. १४ ऑगस्ट रोजी सुरुंग उडाला आणि बुरुजासह त्यावरील वीर नष्ट झाले. खिंडार पडताच मोगल धावून आले. परंतु आत मराठ्यांनी मातीचा बांध घालून ठेवला होता. त्याआडून त्यांनी बाण, दारूगोळा व दगड यांचा असा मारा केला, की शत्रूला ती रात्र जागच्या जागी काढावी लागली. दुसऱ्या दिवशी तट पडला. उरलेल्या लोकांनिशी फिरंगोजी आतल्या भागात हटले आणि अखेर रावभाऊसिंग यांच्या मध्यस्थीने किल्ला खाली करून दिला. छप्पन्न दिवसांच्या या झुंजीत मोगलांचे २६८ लोक ठार व ६०० जखमी झाले.

खानाने त्यांचे शौर्य पाहून त्यांस बादशाही चाकरी देऊ केली. किल्ला गेला होता, धनी दूर होता, समोर मानमरातब उभा होता. फिरंगोजींनी ती चाकरी नाकारली व ते महाराजांकडे परतले. महाराजांनी पराभवाबद्दल बोल न लावता त्यांचा सन्मान केला. या छोट्या भुईकोटाने पावसाळ्याचे दोन महिने खाल्ल्यावर एकेक डोंगरी किल्ला किती रक्त मागेल, याचा हिशेब खानास कळून चुकला असावा. तो पुढे पुण्यातच तळ देऊन राहिला आणि एप्रिल १६६३ मध्ये महाराजांच्या छाप्यात बोटे गमावून बसला.

चरित्राचा उत्तरभाग करुण आहे व तोही सांगितला पाहिजे. पुढे फिरंगोजी भूपाळगडावर किल्लेदार होते, असे बखरी सांगतात. १६७९ साली दिलेरखानाने त्या गडावर चाल केली, तेव्हा त्याच्यासोबत खुद्द युवराज संभाजीराजे होते. १६४७ मध्ये किल्लेदारी करणारा पुरुष आता वार्धक्यात पोहोचला होता. मोगलांवर तोफ डागण्यास ज्याचा हात कधी कचरला नाही, तो धन्याच्या पुत्रावर उचलला गेला नाही. गड गेला, शिबंदीतील सुमारे सातशे लोकांचा एकेक हात दिलेरखानाने तोडला. या प्रसंगी महाराजांची नाराजी त्यांना सोसावी लागली, असेही बखरकार म्हणतात. किल्लेदाराचे कर्तव्य पाहता ती नाराजी गैर म्हणवत नाही. पण जी निष्ठा चाकणला त्यांचे बळ ठरली, तीच येथे त्यांच्या पायांतील बेडी झाली, हेही आम्हांस विसरता येत नाही. वृद्ध सेवकाचे मोल एका दिवसाच्या यशापयशावर ठरवू नये, एवढेच आम्ही म्हणू.

संग्रामदुर्गाचे अवशेष आजही चाकण गावात उभे आहेत. आपल्या गावोगावी लष्करातून निवृत्त झालेले वृद्ध सैनिकही आहेत. ज्ञातिबांधवांनी मुलांना हे अवशेष दाखवावेत आणि त्या वृद्धांपाशी घटकाभर बसवावे. फिरंगोजींना वाहिलेली श्रद्धांजली तेव्हाच खरी ठरेल.