उद्देशिकेच्या चौकटीतील ‘राम’

जबलपूर, २६ नोव्हेंबर : संविधानाच्या उद्देशिकेचे नक्षीदार पान देशभरातील शाळा आणि कार्यालयांच्या भिंतींवर दिसते. त्या पानाच्या उजवीकडील खालच्या कोपऱ्यात, वेलबुट्टीत मिसळून गेलेली दोन देवनागरी अक्षरे मात्र क्वचितच कोणाच्या नजरेस पडतात. ‘राम’ ही ती स्वाक्षरी जबलपूरचे चित्रकार ब्यौहार राममनोहर सिन्हा यांची आहे.

सिन्हा यांचा जन्म १५ जून १९२९ रोजी जबलपुरात झाला. वडील राजेंद्र सिंह हे हिंदीचे व्यासंगी आणि स्वातंत्र्यचळवळीतील कार्यकर्ते होते. कलेच्या ओढीने सिन्हा शांतिनिकेतनच्या कलाभवनात दाखल झाले आणि नंदलाल बसू यांचे शिष्य बनले.

संविधानाची मूळ प्रत छापील नव्हे, तर हस्तलिखित असावी, असे ठरले. इंग्रजी मजकूर दिल्लीचे सुलेखनकार प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी टाकाच्या निबने, वळणदार तिरक्या अक्षरांत लिहिला. त्यांनी मानधन नाकारले. प्रत्येक पानावर आपले आणि अखेरच्या पानावर आजोबांचे नाव असावे, एवढीच मागणी केली. हिंदी प्रतीचे सुलेखन वसंत कृष्ण वैद्य यांनी केले. तिचा हातकागद पुण्यात तयार झाला होता.

पानांच्या सजावटीची जबाबदारी नंदलाल बसू आणि त्यांच्या शिष्यांकडे होती. त्यांपैकी उद्देशिकेचे पान गुरूंनी अवघ्या विशीतील सिन्हा यांच्यावर सोपविले. अजिंठा, वेरूळ, सांची, सारनाथ, महाबलीपुरम येथील शिल्पे आणि चित्रे डोळ्यांखालून घालून त्यांनी नक्षीची घडण केली. कमळ, नंदी, ऐरावत, अश्व, व्याघ्र हे भारतीय कलेतील जुने आकार त्या चौकटीत आले. मधल्या अक्षरांचे गांभीर्य अलंकरणाने झाकोळू नये, हे त्यातील खरे कसब होते. नंदलालांनी शिष्याचे काम स्वीकारले. २४ जानेवारी १९५० रोजी सदस्यांनी प्रतींवर स्वाक्षऱ्या केल्या. पुढे डेहराडूनच्या भारतीय सर्वेक्षण विभागाने या प्रतीच्या शिळाछापाने आवृत्त्या काढल्या आणि ते पान दूरवर पोहोचले.

जबलपूरच्या शहीद स्मारकातील स्वातंत्र्यलढ्याच्या भित्तिचित्रांतही सिन्हा यांचा कुंचला फिरला आहे. पुढे चीनमध्ये जाऊन त्यांनी तेथील शाईचित्रणाचा अभ्यास केला. परतल्यावर जबलपुरातच त्यांनी कलाशिक्षणाला वाहून घेतले. २५ ऑक्टोबर २००७ रोजी त्यांचे निधन झाले.

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेच्या मजकुरात नवे शब्द आले. संसदेच्या ग्रंथालयात जतन केलेल्या हस्तलिखितातील पान मात्र १९५० मध्ये होते तसेच आहे. आज उद्देशिका वाचणाऱ्या बहुतेकांना चौकट रेखाटणाऱ्याचे नाव ठाऊक नसते. कोपऱ्यातली ती दोन अक्षरे मात्र प्रत्येक प्रतिकृतीबरोबर छापली जातात.