विश्लेषण : डेटाबेसचा पत्ता एका ओळीत कसा मावतो? ही एडगर कॉड यांची देणगी

आपल्याच लॅपटॉपवरील मायएसक्यूएल डेटाबेसला प्रोग्राम जोडायचा, तर एक ओळ पुरते : सर्व्हर लोकलहोस्ट म्हणजे हेच यंत्र, पोर्ट ३३०६, डेटाबेसचे नाव, युजर आणि पासवर्ड. हीच कनेक्शन स्ट्रिंग. माहिती डिस्कवर कशी रचली आहे, हे तिच्यात सांगावे लागत नाही. ते सांगावे लागू नये, यासाठी एका गणितज्ञाने आपल्याच कंपनीशी वाद घातला होता.

कॉड कोण होते?
एडगर कॉड यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ रोजी इंग्लंडमधील पोर्टलंड बेटावर झाला. ऑक्सफर्डमध्ये ते गणित आणि रसायनशास्त्र शिकले. दुसऱ्या महायुद्धात ते रॉयल एअर फोर्समध्ये वैमानिक होते. १९४८ मध्ये अमेरिकेत जाऊन ते ‘आयबीएम’मध्ये प्रोग्रामर झाले. सिनेटर मॅकार्थी यांच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेमुळे संतापून १९५३ मध्ये त्यांनी कॅनडा गाठले. नंतर ते अमेरिकेत परतले आणि १९६५ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, मिशिगन विद्यापीठातून पीएचडी झाले.

अडचण काय होती?
त्या काळी माहिती झाडाच्या फांद्यांसारखी रचलेली असे. हवी ती नोंद कोणत्या फांदीवरून गाठायची, हे प्रोग्राममध्येच लिहावे लागे. रचना बदलली की प्रोग्राम बंद पडत. १९७० च्या शोधनिबंधात कॉड यांनी उपाय मांडला. माहिती तक्त्यांत ठेवा आणि फक्त काय हवे ते सांगा. शोधण्याचे काम यंत्रणा करील.

कंपनीने उशीर का केला?
आयबीएमचे ‘आयएमएस’ हे जुन्या पद्धतीचे उत्पादन तेव्हा जोरात होते. नवी कल्पना त्याच्याच मुळावर येणारी होती. कंपनीच्या ‘सिस्टिम आर’ या प्रायोगिक प्रकल्पातून एसक्यूएल भाषा घडली. पण १९७९ मध्ये बाजारात आधी उतरले ते ओरॅकल. कॉड यांना १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात त्यांचे निधन झाले.

आज याचा फायदा काय?
कनेक्शन स्ट्रिंग कॉड यांनी तयार केली नाही, ती पुढे आली. पण लॅपटॉपवरचा डेटाबेस उद्या ऑफिसच्या सर्व्हरवर हलवला, तर सहसा ही एक ओळच बदलावी लागते. एसक्यूएलमधले प्रश्न तेच राहतात. म्हणूनच ही ओळ कोडमध्ये जागोजागी न लिहिता वेगळ्या सेटिंग फाइलमध्ये ठेवावी आणि पासवर्डसह ती कोणालाही पाठवू नये.