समुद्रातून खोटे पत्ते कळवणारा डोनाल्ड क्राउहर्स्ट

डोंबिवलीहून सुटलेली लोकल कुठे पोचली, हे आज मोबाइलवर दिसतं. १९६८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत मात्र एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेले दर्यावर्दी रेडिओवरून सांगतील तोच त्यांचा पत्ता. डोनाल्ड क्राउहर्स्टने याचाच फायदा घेतला आणि त्यातच तो अडकला.

हा इंग्रज माणूस १९३२ साली आपल्या गाझियाबादला जन्मला. इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा धंदा डबघाईला आलेला, घरी बायको आणि चार मुलं. घर गहाण टाकून तो शर्यतीत उतरला. सर्वांत जलद फेरीला ५,००० पौंड मिळणार होते.

३१ ऑक्टोबरला, मुदतीच्या शेवटच्या दिवशी तो निघाला. लवकरच बोट गळू लागली. पुढे जावं तर मरण, परतावं तर दिवाळं. मग तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि खोटी प्रगती कळवू लागला.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन एप्रिल १९६९ मध्ये सर्वांत आधी पोचला, पण त्याला ३१२ दिवस लागले होते. वेळेच्या बक्षिसासाठी नायजेल टेटली पुढे होता. क्राउहर्स्ट मागून गाठतोय असं समजून त्याने बोट दामटली. मे महिन्यात ती बुडाली, टेटली बचावला.

आता क्राउहर्स्ट जिंकणार होता आणि जिंकल्यावर त्याच्या नोंदवह्या तपासल्या जाणार होत्या. १० जुलैला त्याची बोट रिकामी सापडली. खऱ्या नोंदी आतच होत्या. तो कधीच सापडला नाही.

शर्यत पूर्ण करणारा नॉक्स-जॉन्स्टन एकटाच ठरला. त्याची 'सुहेली' बोट मुंबईत बांधलेली. बक्षिसाचे ५,००० पौंड त्याने क्राउहर्स्टच्या कुटुंबाला दिले.