सातारचे वकील रंगो बापूजी

परराष्ट्र खाते म्हटले की आपल्यापुढे मोठमोठ्या इमारती, राजदूत आणि त्यांच्या मोटारी येतात. पण ज्या लहानशा राज्याचा परकीयांशी बोलण्याचा हक्कच काढून घेतलेला आहे, त्याने आपले गाऱ्हाणे कोणाकडे न्यावे? सातारच्या गादीवर हा प्रसंग ओढवला होता.

२५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंहांना सातारचे राज्य दिले खरे, पण अट अशी घातली की इतर कोणत्याही सत्तेशी पत्रव्यवहार करायचा तो इंग्रज रेसिडेंटाच्या मार्फतच. पुढे महाराजांवर आरोप आला की त्यांनी गोव्याच्या पोर्तुगीजांशी गुप्त संधान बांधले. (आपल्या खाडीपलीकडे वसईचा किल्ला ज्यांनी बांधला, तेच हे पोर्तुगीज.) गुन्हा कबूल करा आणि राज्य ठेवा, असे मुंबईच्या गव्हर्नरने सुचविले. महाराजांनी साफ नकार दिला. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत करून काशीस पाठविण्यात आले.

दाद मागण्याची वाट रेसिडेंटाच्या दारातून, आणि फिर्यादी पक्षात तोच! तेव्हा महाराजांनी आपली माणसे थेट विलायतेस पाठविली. त्यांत मीर अफझलअली नावाचे मुस्लिम गृहस्थही होते, हे आपल्या मुलांना मुद्दाम सांगावेसे वाटते. १८४० मध्ये रंगो बापूजी गुप्ते लंडनला पोहोचले. ते भोरजवळील कारी गावचे, शिवकालातील दादाजी नरसप्रभूंच्या घराण्यातले.

वाचकहो, त्यांच्यापुढची खरी अडचण ध्यानात घ्या. कंपनीचे डायरेक्टर त्यांना वकील म्हणून मानावयासच तयार नव्हते. अर्ज मुंबई सरकारमार्फत आणा, हेच उत्तर; म्हणजे पुन्हा त्याच दारात! मग या गृहस्थाने दुसरा मार्ग धरला. निवेदने छापून वाटली, कंपनीच्या भागीदारांच्या सभा गाठल्या, पार्लमेंटचे सभासद जोसेफ ह्यूम आणि गुलामगिरीविरुद्ध झगडणारे वक्ते जॉर्ज थॉम्प्सन यांना आपल्या बाजूस वळविले. सातारचा प्रश्न लंडनच्या सभांतून वर्षानुवर्षे गाजत राहिला तो यामुळे.

सहकारी परतले, रंगो बापूजी राहिले. १८४७ मध्ये प्रतापसिंह काशीस वारले. १८४८ मध्ये गादीवर बसविलेले त्यांचे बंधू शहाजी वारले आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्यच खालसा केले. ज्या राज्याचे वकील, ते राज्यच नकाशावरून गेले! तरी महाराजांच्या दत्तक पुत्रासाठी हे भांडतच होते. पैसा संपला, कर्ज झाले. अखेर १८५३ मध्ये त्यांनी रिकाम्या हाताने लंडन सोडले. परदेशात इतकी वर्षे नुसती नकारघंटा ऐकत काढणे, हे मला तरी लढाईपेक्षा अवघड वाटते.

१८५७ मध्ये साताऱ्यातील उठावाचा कट फुटला. ८ सप्टेंबर रोजी गेंडामाळावर १७ जणांना देहान्त शिक्षा झाली. त्यांत रंगो बापूजींचे पुत्र सीतारामही होते. स्वतः रंगो बापूजी आपल्याच जिल्ह्याच्या ठाणे शहरातून निसटले, ते पुन्हा इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. पुढे ते कोठे गेले, केव्हा वारले, हे कोणासच कळले नाही. ठाण्यात जांभळी नाक्याजवळच्या चौकाला त्यांचे नाव दिलेले आहे. बाजारासाठी तिकडे गेलात तर पाटी वाचा.